सोने ओळखावे पानावरून

आश्विन शुद्ध दशमीच्या संध्याकाळी मराठी घरांतून सोने लुटण्याची चाल आहे. मराठी माणूस महाराष्ट्रात असो की महाराष्ट्राबाहेर, हा परिपाठ सहसा चुकत नाही. आमचे घराणे इंदुरास येऊन पाच पिढ्या झाल्या. घरातल्या बोलीत हिंदी शब्द शिरले, पंगतीत दालबाफले आले, लग्नाच्या पत्रिका दोन लिप्यांत छापल्या जाऊ लागल्या. परंतु दसऱ्याच्या संध्याकाळी देवापुढे ठेवलेली पाने उचलून वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावयाची आणि वाकून नमस्कार करावयाचा, यात खंड पडलेला नाही. सीमोल्लंघन तर आपल्या पूर्वजांनी एकदाच आणि कायमचेच केले. उरले ते हे सोने.

हे सोने आम्ही दरवर्षी बाजारातून आणतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजवाड्याच्या आसपास फुलवाल्यांच्या शेजारी जोडपानांच्या जुड्या विकावयास येतात. झेंडूची फुले घ्यावी, आंब्याचा डहाळा घ्यावा, एक जुडी आपट्याची घ्यावी आणि घरी यावे, असा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. ती जुडी उलगडून पाहण्याचे कारण आम्हांस कधी पडले नव्हते.

काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्यास ते पडले. आमची नात त्या वेळी आठ वर्षांची होती. पाने निवडून तबकात मांडण्याचे काम तिच्याकडे होते. मांडता मांडता ती थांबली आणि एक डहाळी आमच्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, ह्या सोन्याला फूल येतंय बघा." पाहतो तो डहाळीच्या शेंड्याला बोटाच्या पेराएवढ्या, टोकदार, जांभळट छटेच्या चार-पाच कळ्या. तिने पुढे विचारले, "आपट्याला असंच फूल येतं का?" आम्ही तोंड उघडले आणि मिटले. साठ वर्षे आपटा वाटला. पण आपट्याचे फूल कसे असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सोने द्यावयास गेलो तेव्हा ती डहाळी बरोबर नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती निरखली आणि हसून म्हणाले, "अहो, हा आपटा नव्हे. हा देवकांचन. आपट्याचा चुलतभाऊ म्हणा." आम्ही ओशाळून म्हटले, "म्हणजे इतकी वर्षे आम्ही खोटे सोने वाटले?" त्यावर ते म्हणाले, "कांचन म्हणजेही सोनेच की! पण झाड वेगळे, एवढे खरे." त्या दिवसापासून या दोन झाडांचा, किंबहुना ज्या प्रजातीत ती दोन्ही मोडतात त्या प्रजातीचा, आम्ही जमेल तसा परिचय करून घेतला. त्यातले जे ऐकले, वाचले आणि स्वतः पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दोन भावांचे नाव

आपटा आणि सगळे कांचन ज्या प्रजातीत येतात, तिला शास्त्रात बौहिनिया म्हणतात. हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकांतील दोन भावांवरून पडले आहे. थोरला योहान बौहिन (१५४१–१६१३) आणि धाकटा कास्पर बौहिन (१५६०–१६२४). त्यांचे वडील फ्रान्समधील वैद्य. धर्ममतामुळे देश सोडून ते स्वित्झर्लंडातील बाझेल येथे स्थायिक झाले, आणि दोघे मुलगे वैद्यक शिकून वनस्पतींच्या अभ्यासात रमले. कास्परने १६२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींची नोंद आहे. एकाच झाडास निरनिराळ्या लेखकांनी दिलेली निरनिराळी नावे एकत्र करून त्याने तो गोंधळ निस्तरला. योहानचा मोठा ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी छापला गेला.

पुढे प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने या बंधूंच्या स्मरणार्थ बौहिनिया हे नाव योजिले, आणि आधुनिक नामकरणाचा जनक लिनीअस याने ते कायम केले. हे नाव का शोभते, हेही लिनीअसने १७३७ सालच्या एका ग्रंथात सांगून ठेवले आहे. या झाडांचे पान दोन सारख्या खंडांचे, पण तळाशी एकाच देठावर जोडलेले असते. जणू एका घरचे दोन भाऊ. अशीच गंमत त्याने आपल्या परसातल्या केन्याच्या प्रजातीबाबतही केली आहे. केन्याच्या फुलाला दोन निळ्या पाकळ्या मोठ्या आणि तिसरी लहानशी असते. कोमेलिन घराण्यातील तिघांपैकी दोघे नावारूपास आले आणि तिसरा काही कार्य करण्यापूर्वीच गेला, म्हणून त्या प्रजातीस त्या घराण्याचे नाव. शास्त्रज्ञांची नावे रुक्ष असतात असे म्हणणारांनी ही दोन उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

जोडपानाचा घाट

बौहिनिया ही शिंबावंत कुलातील, म्हणजे तूर, हरभरा, चिंच, बाभूळ यांच्या कुलातील प्रजाती. या अफाट कुलाचे पूर्वी तीन उपकुलांत विभाजन करीत असत. २०१७ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून सहा उपकुले मान्य केली, आणि बौहिनिया व तिचे निकटचे आप्त यांना स्वतंत्र उपकुल मिळाले. उष्ण कटिबंधात आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांत ही झाडे, झुडुपे आढळतात. पूर्वी वेलीही याच प्रजातीत गणल्या जात व एकूण जाती तीनशेच्या घरात सांगितल्या जात. आता बहुतेक वेली वेगळ्या प्रजातींत घातल्या आहेत, तरी झाडे-झुडुपे मिळून दीडशेहून अधिक जाती उरतातच.

प्रजातीची पहिली खूण म्हणजे पान. देठापासून शेंड्याकडे पाहत गेल्यास पान मध्येच दुभंगते आणि दोन गोलसर खंड होतात. उंटाच्या किंवा गाईच्या खुराचा ठसा उमटावा तसा हा आकार दिसतो. दोन खंडांच्या बेचक्यात, मधल्या शिरेच्या टोकाला, केसासारखा बारीक काटा असतो. तो मऊ असल्याने टोचत नाही व सहसा लक्षातही येत नाही. हे पान मुळात एक की दोन, असा प्रश्न अभ्यासकांनी फार दिवस चर्चिला आहे. प्रजातीच्या आप्तांपैकी काहींची दोन्ही दले देठापर्यंत अगदी सुटी असतात, तर सर्सिस नावाच्या दुसऱ्या एका आप्ताचे पान अखंड, हृदयाकृती असते. आपटा-कांचनाचे पान या दोहोंच्या मध्ये उभे आहे.

दुसरी खूण पाहण्यासाठी दिवेलागणीनंतर झाडाखाली जावे लागते. पानाच्या देठाला दोन्ही टोकांशी किंचित फुगीर भाग असतो. त्यातील पेशींत पाण्याचा दाब कमी-अधिक होतो, त्यामुळे पानाची हालचाल होते. संध्याकाळी दोन्ही खंड मधल्या शिरेवर मिटतात, पुस्तक मिटावे तसे. सकाळी ते पुन्हा उघडतात. नातीला घेऊन आम्ही हे पाहिले. "झाडानं हात जोडले," ती म्हणाली. चिंचेची पाने रात्री मिटतात हे आमच्या पिढीला ठाऊक होते. आपट्याच्या कुळातही तोच धर्म आहे, हे त्या दिवशी कळले.

एक गोष्ट मात्र या प्रजातीत नाही. हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील जीवाणू हवेतील नायट्रोजन धरून पिकाला पुरवतात, म्हणून शेतकरी द्विदल पिकाची फेरपालट करतो. बौहिनियाच्या मुळांवर अशा गाठी साधारणतः आढळत नाहीत. शेंगा येतात म्हणून ते झाड जमीन सुधारीलच, असे समजू नये.

फुलातले पुंकेसर मोजावे

पान सगळ्यांचे सारखे, मग जाती ओळखाव्या कशा? प्राध्यापकांनी आम्हांस एक सोपी युक्ती शिकवली: फूल मिळाले तर त्यातले पुंकेसर मोजा.

कळी असताना फुलाची संदले एकमेकांस चिकटून म्यानासारखी असतात. फूल उमलताना ते म्यान एका बाजूने चिरते. आत पाच पाकळ्या, तळाशी अरुंद होत गेलेल्या. त्यांतली एक इतरांहून वेगळी असते. तिच्यावर गडद रेषा किंवा ठिपके असतात. मध रसाकडे येणाऱ्या किड्याला वाट दाखवण्याचे काम या खुणा करतात. मध्यभागी पुंकेसर, आणि त्यांच्यात लहानशा देठावर उभा असलेला, पुढे शेंग होणारा किंजपुट. आता पुंकेसर मोजा. परागकण धरणारे मोठे पुंकेसर बहुधा तीन असले, तर तो देवकांचन. पाच असले, तर रक्तकांचन. दहा असले, तर पांढरा कांचन, पिवळा कांचन किंवा आपटा. मग या तिघांतला फरक फुलाच्या आकारावरून आणि रंगावरून लहान मूलही सांगेल.

रक्तकांचन म्हणजे बौहिनिया व्हेरिगाटा. हाच उत्तरेकडील कचनार. माघ-फाल्गुनात त्याची पाने बहुतेक गळून जातात आणि नुसत्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी, क्वचित पांढरी, मोठी सुवासिक फुले येतात. आमच्या इकडे त्याच्या मुक्या कळ्या वसंतात भाजीबाजारात येतात. महाराष्ट्रातून आलेल्या सुना आधी त्या हाती घेऊन विचारात पडतात. पुढे त्याच त्यांची वाट पाहू लागतात. कळ्या उकडून, पाणी काढून, दह्यात किंवा मसाल्यात परतून भाजी करतात. किंचित तुरट असते, पण तोंडाला चव आणते. आयुर्वेदातील कांचनार गुग्गुळ हे औषध याच झाडाच्या सालीपासून करतात.

देवकांचन म्हणजे बौहिनिया पर्पुरिया. तो पावसाळा सरताना, भाद्रपद-आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत, पाने अंगावर असतानाच फुलतो. पाकळ्या अरुंद व एकमेकींपासून सुट्या, त्यामुळे फूल जरा विरळ दिसते. कालिदासाने ऋतुसंहारात शरदाच्या वर्णनात कोविदार फुलवला आहे, तो याच जातीचा असावा असे फुलण्याच्या काळावरून वाटते. रामायणात भरताच्या ध्वजावरही कोविदार आहे. मात्र संस्कृतात कोविदार आणि कांचनार ही नावे पुष्कळदा एकमेकांच्या जागी आली आहेत, हे विसरून चालणार नाही.

पिवळा कांचन, बौहिनिया टोमेंटोजा, हे झुडूप. त्याची फुले घंटेसारखी खाली लोंबतात. रंग लिंबासारखा फिकट पिवळा आणि बहुधा एका पाकळीच्या तळाशी गडद किरमिजी डाग. कोमेजताना फूल तांबूस होते. पांढरा कांचन, बौहिनिया ॲक्युमिनाटा, हेही झुडूपच. शुभ्र फुलांमुळे बंगल्यांच्या फाटकाशी तो हौसेने लावतात.

या साऱ्यांचा एक राकट आप्त मध्य प्रदेशातील जंगलांत आहे, तो म्हणजे माहुल. ही प्रचंड वेल पूर्वी बौहिनिया वाहलीआय म्हणून ओळखली जाई. आता तिला फॅनेरा या प्रजातीत घातले आहे. तिची पाने हातभर रुंद होऊ शकतात आणि त्यांच्या पत्रावळी व द्रोण लावतात. आमच्या लहानपणी व्रतबंधाच्या पंगती ज्या पत्रावळींवर उठत, त्यांतल्या कित्येक माहुलाच्या होत्या, हे आम्हांस आता कळले. म्हणजे दसऱ्याला हाती देण्याचे पान आणि पंगतीला पुढ्यात मांडण्याचे पान, दोन्ही एकाच गोतातले.

आपटा: रूपाने गरीब, गुणाने थोर

आता खरा आपटा. शास्त्रीय नाव बौहिनिया रॅसिमोजा, संस्कृतात अश्मंतक. भारतातील कोरड्या, पानगळीच्या जंगलांत, माळाच्या कडेला, डोंगरउतारावर तो आपोआप वाढतो. पुढच्या उन्हाळ्यात प्राध्यापकांनी आम्हांस विंध्याच्या उतारावर नेऊन तो दाखवला. खरे सांगावयाचे तर पहिल्या भेटीत आमची निराशाच झाली. झाड बुटके, खोड वाकडेतिकडे, साल काळपट आणि खडबडीत, फांद्या खाली झुकलेल्या. कांचनाचा डौल त्याला नाही.

पाने मात्र जवळून पाहण्यासारखी. लांबीपेक्षा रुंदी अधिक. लांबी दोन ते पाच सेंटिमीटर. जाड, चिवट, हाताला खरखरीत, वरून काळसर हिरवी आणि खालून फिकट राखी. देठापासून सात ते नऊ शिरा पसरलेल्या. कांचनाचे पान याच्या दुप्पट-तिप्पट मोठे, पातळ, गुळगुळीत. शिरा नवापासून तेरापर्यंत किंवा अधिकही. दोन्ही पाने एकदा शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे पुन्हा कधी चूक होत नाही. ती आम्ही साठ वर्षे शेजारी ठेवली नव्हती, एवढेच.

त्याचे फूल कसे असते, हे नातीच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळाले. उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांशी लांब मंजरी येतात आणि त्यांवर फिकट पिवळसर पांढरी, अरुंद पाकळ्यांची, लहान लहान फुले. दुरून पाहणारास ती फुले वाटतच नाहीत. नाव रॅसिमोजा, म्हणजे मंजरीधारी, ते यावरूनच. शेंगा बोटापेक्षा लांब, जाड, किंचित बाकदार. त्या सहजासहजी उकलत नाहीत आणि महिनोन् महिने झाडावर लोंबत राहतात. कांचनाची तऱ्हा निराळी. त्याची चपटी शेंग वाळली की उन्हाच्या तडाख्याने एकाएकी तडकते, तिच्या दोन्ही फाकी पिळवटतात आणि बिया दूर उडतात. शांत दुपारी कांचनाखाली बसलेल्या माणसास हा आवाज ओळखीचा असतो.

आपट्याच्या आतल्या सालीच्या तंतूंपासून खेड्यांतील लोक दोर वळत आले आहेत. पानांचा उपयोग विड्यांसाठी होतो. गरिबांचे झाड म्हणावे असे हे झाड. तरी सोन्याचा मान कांचनाला नाही, याला मिळाला.

एका खुंटाची संतती

नात्याचा विषय निघाला म्हणून दूरची एक हकीकत. हाँगकाँग बेटावर पोक फू लाम येथे १८८० च्या सुमारास एका फ्रेंच मिशनऱ्याला एक अनोळखी कांचन दिसला. फुले मोठी, गर्द जांभळट गुलाबी. त्याच्या फांद्यांची कलमे लावली गेली. १९०८ साली तेथील वनस्पती-उद्यानाचे अधिकारी डन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून गव्हर्नर ब्लेक यांचे नाव त्यास दिले. १९६५ साली ते फूल हाँगकाँगचे बोधचिन्ह झाले. १९९७ पासून ते तेथील ध्वजावर आहे.

या झाडाला शेंग सहसा धरत नाही. ते वंध्य आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून तो देवकांचन आणि रक्तकांचन यांचा संकर असल्याचे दिसून आले. म्हणजे त्या ध्वजावरील फुलाचे आईबाप आपल्याच ओळखीचे. जगात जेथे जेथे हे झाड आहे, तेथे ते त्या एका झाडाचे कलम आहे. एक फांदी तोडून दुसरीकडे रोवली, ती तिसरीकडे रोवली, आणि मूळ कोठले हे सांगणारा कोणी राहिला नाही तरी फूल तेच राहिले. आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींना ही हकीकत वाचून थोडे आपले आठवले, हे कबूल केले पाहिजे.

कौत्साचे सोने कोठे पडले?

आपट्याला सोने का म्हणतात, याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स, त्याने गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे मागितलेल्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा, आणि कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस. कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ही कथा आली आहे. गंमत अशी की, तेथे सोने पडते ते राजाच्या कोशगृहात. आपट्याच्या झाडावर ते पडले, हा भाग लोककथेने जोडला. आणि बरे केले. नाही तर राजाच्या तिजोरीतील सोन्यात आपला वाटा कोठून येता?

महाराष्ट्राबाहेर आले की हेच सोने दुसऱ्या झाडावरून पडताना दिसते. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या दसऱ्यात शमीची पूजा होते आणि तिची पाने सोने म्हणून लुटतात. बेळगावकडील कन्नड घरांतून बन्नी देतात, तीही शमीच. हैदराबादेकडे तिला जम्मी म्हणतात आणि दसऱ्याला तिची पाने थोरांच्या हाती ठेवतात. तेव्हा "आमच्याकडे आपटा मिळत नाही" म्हणून हळहळणाऱ्या मराठी घरांनी शेजाऱ्याच्या शमीकडे परकेपणाने पाहू नये. शमीही शिंबावंत कुलातलीच, म्हणजे आपट्याची दूरची बहीण. पांडवांनी शस्त्रे ठेवली ती तिच्याच ढोलीत. तिच्या मुळांवर मात्र त्या गाठी असतात, ज्या आपट्याच्या मुळांवर नसतात. राजस्थानच्या वाळूतही ती जमिनीला बळ देते.

आता काय करावे?

हे सारे कळल्यावर आमच्या मनाला जी टोचणी लागली, ती नावाच्या चुकीची नव्हती. कांचनास सोने म्हटले तर शब्दार्थाने काही बिघडत नाही. टोचणी दुसरी होती. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर एक देवकांचन आहे. ऐन दसऱ्याच्या दिवसांत तो कळ्यांवर येतो. आणि नेमके तेव्हाच आपटा समजून लोक त्याच्या डहाळ्या मोडून नेतात. दरवर्षी दिवाळीपर्यंत ते झाड खराट्यासारखे उभे असते. त्याला फुले येतात हेच आम्हांस ठाऊक नव्हते, कारण फुले येऊ देण्याइतके आम्ही कधी थांबलो नव्हतो. ते झाड ओरबाडणारांत आमच्या घरची मुले होती, आणि त्यांच्याआधी आम्ही होतो.

त्यानंतरच्या दसऱ्याला आम्ही आणि प्राध्यापकांनी मिळून वसाहतीतील मुलांना त्या झाडाखाली बोलावले आणि दोन पाने हाती देऊन फरक दाखवला. मुलांना एकदा फरक दाखवला की ती मोठ्यांना ऐकवण्यास उत्सुकच असतात. त्या वर्षी झाड मोडले गेले नाही. कार्तिकात ते फुलले. आम्ही त्या वसाहतीत राहावयास आल्यापासून पहिल्यांदा ते फुललेले पाहिले.

खरा आपटा आम्ही घरी बियांपासून लावला. वाचकांपैकी कोणास हौस असल्यास रीत सोपी आहे. वाळलेल्या शेंगा फोडून बिया काढाव्यात. साल कठीण असते, म्हणून बियांवर कढत पाणी ओतावे व त्याच पाण्यात त्या रात्रभर भिजू द्याव्यात. फुगलेल्या बिया तेवढ्या पिशवीतील मातीत, बोटाच्या पेराइतक्या खोल, पावसाळ्याच्या तोंडाशी पेराव्यात. रोप वर्ष-दीड वर्ष पिशवीत सांभाळून मग पुढच्या पावसात जमिनीत लावावे. पाणी साचणारी जागा टाळावी. ऊन भरपूर असावे. झाड हळू वाढते. घाई असेल त्याने ते लावू नये. पण त्याची सावली नातवंडांसाठी आहे असे समजून लावल्यास हरकत काय?

आमचे रोप आता कमरेच्या वर आले आहे. त्याच्या डहाळ्या आम्ही मोडीत नाही. दसऱ्याच्या सकाळी नात मोजून पाने खुडते. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यास एक. जुडी नाही, एकच पान. गेल्या वर्षी तिने आमच्या हाती पान ठेवले, वाकून नमस्कार केला आणि विचारले, "आजोबा, शिरा मोजल्या का?"

आम्ही मोजल्या. नऊ होत्या.